कासवांवरच्या शाळेच्या प्रकल्पासाठी खात्रीची माहिती कशी शोधायची?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आठवीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेसाठी कासवांवर संशोधन प्रकल्प करायचा आहे. इंटरनेटवर एका ठिकाणी कासव १०० वर्षं जगतं असं लिहिलंय, तर दुसरीकडे २५० वर्षं. एक पान म्हणतं हिरवं समुद्री कासव नामशेष होण्याच्या मार्गावर आहे, दुसरं म्हणतं त्याला आता धोका नाही. बाईंनी ‘विश्वसनीय ठिकाणाहूनच माहिती घ्या’ असं बजावलंय. ते ठिकाण ओळखायचं कसं?

माझं काम कासवांच्या अभ्यासाचं आहे आणि मुलांचे प्रकल्प नजरेखालून घालण्याचं कामही दरवर्षी आवडीने करते, म्हणून जरा मोकळेपणाने, सविस्तर लिहिते. विश्वसनीय संकेतस्थळांची यादी मी देऊ शकते, काही नावं पुढे येतीलही. पण नुसत्या यादीने काम भागत नाही. कासवाबद्दलचं प्रत्येक वाक्य म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, कसंतरी केलेलं निरीक्षण असतं. त्या निरीक्षणापर्यंत तुला मागे जाता आलं, तर माहिती खात्रीची. वाट मध्येच तुटली, तर ते वाक्य कितीही मोठ्या नावाखाली छापलेलं असो, वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं. तू दिलेली दोन्ही उदाहरणं इतकी नेमकी आहेत की त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

हिरव्या समुद्री कासवाचं आधी घेते, कारण ते सोपं आहे. तुला सापडलेली दोन्ही पानं आपापल्या काळापुरती बरोबर आहेत. कोणत्या प्राण्याला किती धोका आहे हे ठरवणारी जगभर मानली जाणारी यादी म्हणजे आययूसीएन या संस्थेची रेड लिस्ट. तिच्यात हे कासव कित्येक दशकं ‘धोक्यात’ या वर्गात होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं नवं मूल्यांकन जाहीर झालं आणि ते ‘किमान चिंता’ या वर्गात आलं. १९७० च्या दशकापासून त्याची जागतिक संख्या सुमारे २८ टक्क्यांनी वाढल्याचं त्यात म्हटलं आहे. अंडी घालायच्या किनाऱ्यांवर पहारा, अंडी आणि मांसासाठीच्या शिकारीवर बंदी, कोळंबीच्या जाळ्यांना कासव बाहेर पडेल अशी दारं, या पन्नासेक वर्षांच्या कष्टांचं हे फळ आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्याआधी लिहिलेली हजारो पानं तशीच पडून आहेत, आणि शोधताना तीच वर येतात. शिवाय जगभरची संख्या वाढली म्हणजे प्रत्येक समुद्रात वाढली असं नाही. म्हणून प्रकल्पात ‘हिरवं कासव सुरक्षित आहे’ असं न लिहिता ‘२०२५ च्या मूल्यांकनानुसार ते किमान चिंतेच्या वर्गात आहे’ असं लिही.

रेड लिस्टचं पान उघडलंस की बहुतेक जण लाल-हिरव्या गोलातला वर्ग बघतात आणि पान बंद करतात. तसं करू नकोस. वर्गाच्या आसपासच मूल्यांकनाची तारीख असते, ती आधी बघ. मग हा वर्ग का दिला याचं स्पष्टीकरण असलेला परिच्छेद वाच. मूल्यांकन करणाऱ्यांची नावं आणि त्यांनी वापरलेल्या शोधनिबंधांची यादी त्याच पानावर मिळते. ऑस्ट्रेलियाच्या आसपासच सापडणारं फ्लॅटबॅक कासव कित्येक वर्षं १९९६ च्या मूल्यांकनावरच ‘माहिती अपुरी’ या वर्गात राहिलं आहे. याचा अर्थ ते सुखरूप आहे असा नाही आणि ते संपत आलंय असाही नाही. त्याबद्दल निर्णय देण्याइतकी माहिती त्या वेळी जमलेली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. प्रकल्पात असं एखादं उदाहरण आलं तर शिक्षकांना लगेच कळतं की या मुलाने पान नीट वाचलंय.

आता वय. इथे मला जरा रेंगाळू दे, कारण कासवांच्या वयाबद्दल जितकं बेधडक लिहिलं जातं तितकं दुसऱ्या कशाबद्दल क्वचितच. सेंट हेलेना बेटावर जोनाथन नावाचं एक महाकाय कासव आहे. जमिनीवरच्या सगळ्या जिवंत प्राण्यांत सर्वांत वयस्कर म्हणून त्याची नोंद आहे आणि जन्मसाल १८३२ सांगतात. हे साल कुठून आलं? त्याचा जन्म कुणी पाहिलेला नाही. १८८२ मध्ये त्याला सेशेल्सहून सेंट हेलेनाला आणलं तेव्हा ते पूर्ण वाढलेलं होतं, एवढं माहीत आहे. त्या काळातलं छायाचित्रही आहे. या जातीच्या कासवाला पूर्ण वाढायला निदान ५० वर्षं लागतात असं धरून १८८२ मधून ५० वजा केले आणि १८३२ आलं. म्हणजे हा अंदाज आहे, पण चांगला अंदाज आहे, कारण त्याच्या खाली तारीख असलेली घटना आणि स्पष्ट सांगितलेलं गृहीतक आहे. तुझ्या प्रकल्पात ‘जोनाथनचा जन्म १८३२ चा’ असं न लिहिता ही वजाबाकीच लिही. वाचणाऱ्याला ती जास्त आवडेल.

याउलट २५० वर्षांचा आकडा बहुतेक वेळा कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातल्या, २००६ मध्ये वारलेल्या अद्वैत नावाच्या कासवाकडे जातो. ते अठराव्या शतकातल्या रॉबर्ट क्लाइव्ह या इंग्रज अधिकाऱ्याच्या बागेतलं होतं अशी आख्यायिका आहे, पण साखळीतला प्रत्येक दुवा जोडणारी नोंद नाही. तसंच ऑस्ट्रेलियात २००६ मध्येच मेलेल्या हॅरिएट या गॅलापागोस कासवाचं. चार्ल्स डार्विनने स्वतः तिला नेलं होतं ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. पण तिची जनुकीय तपासणी झाली तेव्हा ती सांताक्रूझ बेटावरच्या कासवांशी जुळली, आणि डार्विन त्या बेटावर उतरलाच नव्हता. एका चांगल्या प्रश्नाने गोष्ट कशी ढिली पडते बघ.

मग रानातल्या कासवांचं वय कसं कळतं? कवचावरच्या खवल्यांवर वर्तुळं दिसतात, ती मोजा आणि वय सांगा, असं खूप ठिकाणी वाचशील. कोवळ्या वयात काही जातींत ते थोडंफार जमतं. मोठ्या कासवात वर्तुळं घासून जातात, एका वर्षात दोन पडतात किंवा एकही पडत नाही, त्यामुळे तो हिशेब धरता येत नाही. खात्रीचा मार्ग कष्टाचा आहे: कासव लहान असताना खूण करायची आणि वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन पुन्हा शोधायचं. अमेरिकेत मिशिगनमधल्या ई. एस. जॉर्ज राखीव क्षेत्रात १९५३ पासून कासवांच्या कवचाच्या कडेला ठराविक जागी बारीक खाचा पाडून अशा नोंदी ठेवल्या गेल्या. मेलेल्या समुद्री कासवांच्या पुढच्या पायाच्या हाडाचा पातळ काप घेऊन त्यातल्या वाढीच्या रेषाही मोजतात. ‘कासव इतकी वर्षं जगतं’ असं वाक्य दिसलं की स्वतःला विचार: यांपैकी कोणत्या मार्गाने? आणि कोणतं कासव?

हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. जगात कासवांच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत; या विषयातल्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये काढलेल्या यादीत त्या ३५७ होत्या. त्यांतल्या फक्त सात समुद्रातल्या. बाकीच्या नद्या, तळी, दलदल, जंगल, वाळवंट अशा सगळीकडे. त्यामुळे ‘कासवं अमुक करतात’ असं म्हणणारं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्यातरी जातीपाशी अडखळतं. ‘कासवं शेपटीखालच्या छिद्रातून श्वास घेतात’ हे वाक्य तुझ्याही वाचनात आलं असेल. ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय नदीतलं एक कासव खरोखरच पाण्यातला बराच ऑक्सिजन तिथून घेतं. महाकाय जमिनीवरचं कासव तसं काही करत नाही, ते आपल्यासारखं फुप्फुसांनी श्वास घेतं. एका कासवाची गोष्ट सगळ्यांच्या नावावर टाकली की खरी माहितीही खोटी होते.

म्हणून ‘कासव’ हा विषय घेऊन बसू नकोस, तो फार मोठा आहे. एखादी जात किंवा एखादा प्रश्न घे. ‘वाळूच्या तापमानाचा समुद्री कासवांच्या पिल्लांवर काय परिणाम होतो?’ असा प्रश्न घेतलास तर शोधायला सोपा आणि लिहायलाही भरपूर. आणि शोधताना जातीचं शास्त्रीय नाव वापर. रोजची नावं देशागणिक बदलतात. ‘रिडले’ म्हणून शोधलंस तर ऑलिव्ह रिडले आणि केम्प्स रिडले या दोन वेगळ्या जातींची माहिती एकत्र येईल, आणि एक बऱ्याच समुद्रांत आढळते तर दुसरी मुख्यतः मेक्सिकोच्या आखातात. शास्त्रीय नावंही कधीकधी बदलतात. ‘द रेप्टाइल डेटाबेस’ नावाचा खुला संग्रह आहे, त्यात जातीचं आजचं नाव आणि आधीची सगळी नावं एकाखाली एक मिळतात. दहा मिनिटं तिथे घालव, पुढचे कित्येक तास वाचतील.

तापमानाचा विषय निघालाच आहे तर शोधनिबंध कसा वाचायचा तेही त्याच उदाहरणावर सांगते. मुलं शोधनिबंधाला घाबरतात, कारण तो अवघड भाषेत असतो. पण सुरुवातीचा सारांश, आकृत्या आणि शेवटची चर्चा एवढंच वाचलं तरी आठवीच्या प्रकल्पाला पुरतं. समुद्री कासवांत अंड्यातल्या पिल्लाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास नर-मादी सारखे निघतात, त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात. आता ‘जगातली ९९ टक्के कासवं मादी झाली आहेत’ असं वाक्य तू नक्की वाचशील. त्याचा माग काढलास तर २०१८ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासापाशी पोचशील. तो ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफजवळच्या हिरव्या कासवांवरचा आहे. संशोधकांनी चरायला आलेली कासवं पकडली, जनुकांवरून ती कोणत्या किनाऱ्यांवर जन्मली असतील ते ठरवलं आणि रक्तातल्या संप्रेरकांवरून नर की मादी ते शोधलं. उत्तरेकडच्या गरम किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. तिथल्याच मोठ्या कासवांत हे प्रमाण सुमारे ८७ टक्के होतं, आणि दक्षिणेकडच्या थंड किनाऱ्यांवरच्या कासवांत ६५ ते ६९. म्हणजे मूळ निष्कर्ष बातमीतल्या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो: एकाच समुद्रात दोन टोकांना वेगळं चित्र आहे, आणि लहान-मोठ्या कासवांतल्या फरकावरून हे हळूहळू वाढत गेलंय असं दिसतं. आणि तापमानाचा हा नियमसुद्धा सगळ्या कासवांना लागू नाही. मऊ कवचाच्या कासवांत लिंग जनुकांवरच ठरतं.

काही आकडे मात्र असे आहेत की मागे गेलं तरी पक्की मोजणी सापडत नाही. ‘हजारांतलं एकच पिल्लू मोठं होतं’ हा त्यांतला सगळ्यात लोकप्रिय. विचार कर, हे मोजायचं कसं? पिल्लू तळहाताहून लहान, समुद्रात शिरलं की दिसेनासं होतं, आणि प्रौढ व्हायला जातीप्रमाणे वीस-तीस वर्षंही लागतात. इतका काळ हजार पिल्लांचा पाठलाग कुणी करू शकत नाही. म्हणून घरटी, अंडी, मोठ्या माद्यांची संख्या यांवरून गणिताने अंदाज बांधतात, आणि तो हजारात एक ते दहा हजारात एक इतका पसरलेला असतो. हा आकडा वापरू नकोस असं मी म्हणत नाही. ‘अंदाज’ हा शब्द जोडून वापर.

आता ठिकाणांबद्दल. विकिपीडियावरून सुरुवात करायला माझी काहीच हरकत नाही. तिथे विषयाचा आवाका कळतो, आणि खालच्या तळटीपा हा तर खजिनाच असतो. फक्त प्रकल्पात विकिपीडियाचं नाव न देता तळटीप उघडून मूळ लेख वाच. तळटीपच नसेल तर ते वाक्य सोड. समुद्री कासवांसाठी अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेची प्रत्येक जातीवरची पानं सोपी आणि नीट राखलेली आहेत. मिशिगन विद्यापीठाचं ‘ॲनिमल डायव्हर्सिटी वेब’ तुझ्या वयासाठी चांगलं. तिथले बरेच लेख विद्यार्थ्यांनी लिहिलेले असतात पण संपादकांनी तपासलेले, आणि प्रत्येक परिच्छेदाला संदर्भ असतो. थोडं पुढचं वाचायचं असेल तर ‘मरीन टर्टल न्यूजलेटर’ इंटरनेटवर मोफत आहे. कासवं वाचवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांची पानं वाच, पण देणगीच्या आवाहनातले आकडे उचलू नकोस. त्याच संस्थेचा वार्षिक अहवाल शोध, त्यात त्या किनाऱ्यावर किती घरटी मोजली ते वर्षवार असतं. पाळीव कासवांच्या संकेतस्थळांवर टाकीतल्या कासवाबद्दल अनुभवाचे चांगले बोल असतात, रानातल्या वागण्यासाठी मात्र ती धरू नकोस.

नकाशासाठी मुलं आयनॅचरलिस्टवरचे ठिपके काढून चिकटवतात. ते संकेतस्थळ मला फार प्रिय आहे, कारण सामान्य माणसांनी काढलेल्या फोटोंची तिथे अनोळखी लोक ओळख पटवतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेव. ठिपके जिथे जास्त, तिथे कासवं जास्त असतीलच असं नाही. तिथे फोन घेऊन फिरणारी माणसं जास्त असू शकतात. आणि धोक्यातल्या जातींची नेमकी जागा तिथे मुद्दाम धूसर केलेली असते, म्हणजे चोरट्या शिकाऱ्यांना ती कळू नये. म्हणून समुद्री कासवाचा ठिपका कधीकधी भलत्याच जागी, अगदी कोरड्या जमिनीवरही दिसतो. ती चूक नाही, ते संरक्षण आहे. प्रकल्पात हे एका ओळीत लिहिलंस तर नकाशा जास्त प्रामाणिक होईल.

छापील पुस्तकं जरूर वापर. कवच म्हणजे कासवाचं घर नसून बरगड्या आणि पाठीचा कणा जोडून झालेला शरीराचाच भाग आहे, ही असली शरीररचना जुन्या पुस्तकातही तितकीच खरी असते. पण नाती आणि संख्या यांसाठी छपाईचं साल बघ. जुनी पुस्तकं कासवांना सरीसृपांची सगळ्यात आदिम, वेगळी शाखा मानत. २०१३ मध्ये कासवांचे पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाले आणि ती मगरी व पक्ष्यांच्या जवळची असल्याचं भक्कमपणे पुढे आलं. गॅलापागोसमधल्या फर्नांडिना बेटावरच्या कासवाचं तर विचारूच नकोस. १९०६ नंतर ते कुणाला मिळालंच नव्हतं, म्हणून ते नामशेष असल्याचं धरून चालत. २०१९ मध्ये तिथे एक मादी जिवंत सापडली आणि पुढे जनुकीय चाचणीने ती त्याच जातीची असल्याचं सिद्ध झालं.

चित्रांकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, आणि तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या मजकुरावर हिरव्या कासवाचा फोटो, असं चांगल्या चांगल्या ठिकाणी दिसतं. समुद्री कासवांच्या फोटोत हे तू स्वतः तपासू शकतोस. कवचाच्या पाठीवर मधोमध खवल्यांची एक रांग असते. तिच्या एका बाजूचे मोठे खवले मोज. कडेचे छोटे सोडून दे. चार असतील तर बहुधा हिरवं किंवा हॉक्सबिल. पाच असतील आणि डोकं चांगलं मोठं असेल तर बहुधा लॉगरहेड. सहा किंवा जास्त असतील तर ऑलिव्ह रिडले. खवलेच नसतील आणि पाठीवर लांब उभे कंगोरे असतील तर लेदरबॅक. हिरवं आणि हॉक्सबिल यांत फरक करायला डोळ्यांच्या मधे बघ: हिरव्याला तिथे लांबट खवल्यांची एक जोडी, हॉक्सबिलला दोन, शिवाय त्याची चोच पक्ष्यासारखी टोकदार. संगणकाने तयार केलेली चित्रंही आता सगळीकडे आहेत आणि त्यांत खवल्यांचा हिशेब बऱ्याचदा जुळत नाही, त्यामुळे ही मोजणी तिथेही उपयोगी पडेल.

प्रश्नांची उत्तरं देणारे चॅटबॉट वापरलेस तर त्यांच्याकडून वाचायच्या गोष्टींची नावं माग, आणि प्रत्येक नाव स्वतः उघडून बघ. अस्तित्वात नसलेले शोधनिबंध ते अगदी ठामपणे सांगतात. निबंध सापडला नाही तर त्यावर आधारलेलं वाक्यही खोडायचं.

वहीत एक साधी सवय लाव. प्रत्येक माहितीपुढे तीन गोष्टी लिही: मी हे कुठे वाचलं, त्यांनी ते कुठून घेतलं, आणि मुळात ते कसं मोजलं. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहील, त्याची काळजी करू नकोस. रकाने भरलेल्या ओळींवर प्रकल्प उभा कर. दोन चांगल्या ठिकाणी दोन वेगळे आकडे मिळाले तर एक लपवू नकोस. दोन्ही दे आणि साल, जागा, पद्धत यांपैकी कशामुळे फरक पडला असेल ते तुझ्या शब्दांत लिही.

शेवटी अडलंच, तर संशोधकाला पत्र लिही. शोधनिबंधावर त्यांचा ईमेल असतो. पालकांना किंवा शिक्षकांना विचारून, त्यांच्या खात्यावरून पाठव. ‘कासवांबद्दल माहिती द्या’ असं लिहिलंस तर उत्तर येणं कठीण. पण ‘तुमच्या अभ्यासात दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवरच्या कासवांत ६५ ते ६९ टक्के माद्या आहेत, हा फरक फक्त वाळूच्या तापमानामुळे आहे की आणखी काही कारण आहे?’ असं विचारलंस, तर तू निबंध वाचला आहेस हे पहिल्या ओळीतच कळेल, आणि उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढेल. आठ-दहा दिवस वाट बघावी लागेल, तेव्हा प्रकल्प द्यायच्या तारखेच्या आदल्या रात्री हे पत्र लिहू नकोस.